प्रभूचा कोंबडा

बायबलातला हनन्या देवाला द्यायच्या दानाबद्दल खोटं बोलला आणि जागच्या जागी पडून मेला, असं पास्टर आनंदराज सांगत होते आणि व्यंकटराव हळूच स्वतःची नाडी चाचपत होता. चालू होती.

मुखेडजवळच्या त्या गावातली ख्रिस्ती मंडळी पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. तिची एक रीत होती. पिल्लं अंगणात चरू लागली की घरची बाई एकाच्या पायात लाल चिंधी बांधायची. तो प्रभूचा कोंबडा. त्याला घरच्या दाण्यावर वाढवून सुगीच्या सणाला मंडळीत द्यायचं. व्यंकटरावाच्या बायकोनं, नागुबाईनं, यंदा लेकीचं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून चिंधी बांधली होती.

ती लेकीच्या बाळंतपणाला रेणापूरला गेली आणि इकडं मेहुणा शेषेराव मुक्कामाला आला. घरात वांगी होती, पण मेहुण्याला वांगी वाढायची? व्यंकटरावानं मनातल्या मनात प्रभूची परवानगी मागितली. प्रभू काही बोलला नाही. तो होकार समजून दोघांनी रस्सा भुरकला. चिंधी तेवढी व्यंकटरावानं जपून ठेवली, प्रभूची वस्तू म्हणून. नागुबाई परतल्यावर ‘मुंगसानं नेला’ म्हणत त्यानं गळा काढला.

बाजारातून दुसरा कोंबडा घ्यायचा आणि तो विकतचा आहे हे पास्टरांना खरं सांगायचं, असं नवराबायकोत ठरलं होतं. आज सणाला तो कोंबडा घेऊन पुढं आला, ती भाकरी करून मागून येणार होती. पण कोंबडा निघाला देखणा. मंडळी वाहवा करू लागली आणि व्यंकटरावाला राहवेना.

“घरचाच हाय. या हातानं दाणे चारलेत,” तो बोलून गेला.

“मग चिंधी कुठाय?” कुणीतरी विचारलं.

“वाटेत सुटली,” म्हणत त्यानं खिशातून काढून बांधली. आणि नेमका पास्टरांनी आज हाच अध्याय काढला.

आपण अजून बसलेले आहोत, म्हणजे प्रभूनं कोंबड्याचं फार मनाला लावून घेतलेलं नाही, अशी व्यंकटरावानं समजूत घातली. तेवढ्यात पास्टर गोष्टीत पुढं गेले. मग हनन्याची बायको सप्पीरा आली. तिला घडलेलं ठाऊक नव्हतं. तिलाही तेच विचारलं. तीही खोटं बोलली आणि तीही पडली.

दारात नागुबाई उभी होती, डोक्यावर भाकरीची दुरडी घेऊन.

या बाईनं चारचौघांत व्यंकटरावाला कधी तोंडघशी पाडलं नव्हतं. ती त्याच्याकडं बघणार, सांभाळून घेणार, ‘हाव, घरचाच’ म्हणणार आणि पडणार. ही मेली तर आपण मागं राहून काय करायचं, हे त्याला काही सुचेना.

“या, नागुबाई,” पास्टरांच्या बायको महामाया म्हणाल्या. “कोंबडा लई झकास वाढवलात. घरचाच ना?”

“बोलू नको!” व्यंकटराव ताडकन उठला. “काहीबी बोलू नको! तिचा कोंबडा मी खाल्ला! मी आन् शेषेरावानं! ह्यो बाजारचा हाय! प्रभू, हिला सोड, मला ने!”

त्यानं डोळे मिटून घेतले. शेडमध्ये फक्त कोंबडा ओरडला. प्रभूनं कुणालाच नेलं नाही.

नागुबाईनं दुरडी खाली ठेवली. वाकून चिंधी पाहिली. तिच्याच लुगड्याच्या काठाची होती.

“मी तर खरंच सांगणार व्हते,” ती म्हणाली. “आपला मुंगसानं नेला, ह्यो विकतचा. तुमच्यापायी मी कशाला खोटं बोलू?” मग तिचा आवाज कापला. “लेकरू दूध पीना म्हणून लेकीचा फोन आला, तवा मला वाटलं, देवानं माझा कोंबडा नाकारला. रडत बसले व्हते मी. तुमी शेजारीच घोरत व्हता.”

व्यंकटरावाला आता खरी लाज वाटली. मंडळीची नव्हे, तिची. पास्टरांनी पुस्तक मिटलं.

“जेवणं उरका,” नागुबाई त्याला म्हणाली. “मग घरी चला.”

हनन्या सुटला, व्यंकटरावाच्या मनात आलं. त्याला बायकोबरोबर घरी जावं लागलं नाही.