चार मिनिटं वीस सेकंद

पडदा पेटला आणि खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला.

रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत हृदयाचे बारा पेशंट. त्यांचे ठोके अलीकडच्या जुन्या इमारतीत, सिस्टरांच्या खोलीतल्या या पडद्यावर, बारा हिरव्या रेषा होऊन नाचू लागले. लेखनिक, लिफ्टवाला, झाडूवाल्या मावशी, सगळे दारात टाचा उंचावून उभे. मोठ्या साहेबांनी तर हातच जोडले. साहेब स्वतः हृदयाचे डॉक्टर; पण बुद्धी छातीत नसते, त्यामुळे त्या भागाचा त्यांचा अभ्यास जरा कच्चा होता.

साहेबांनी पडद्यासाठी बोलावलेल्या सिग्नलबाबांनी केलं काय? डोळे मिटले, पडद्यामागची केबल उपसली, कपाळाला लावली, पुन्हा खोचली.

"कनेक्शन तारेत नसतं, साहेब. अंतःकरणात असतं. तार आपली निमित्ताला."

"वा!" साहेब म्हणाले.

मोठ्या सिस्टरांनी घड्याळ पाहिलं.

०:००

हा बाबांचा पाचवा चमत्कार. आधीचे चारही बाबांची गाडी फाटकाबाहेर पडली न पडली तोच विझले होते. कारण ठरलेलं: कोणीतरी शंका घेतली. इलाजही ठरलेला: शंकेखोर कमी करा. साहेबांचा हुकूम टाइप होऊन तयार होता. या खेपेला पडदा विझला, की पडद्यावर भरवसा नको म्हणून नव्या इमारतीत खाटांजवळ बसवलेल्या दोन्ही नर्स हलवायच्या आणि नेटवर्कवाल्या ताईंना घरी पाठवायचं. म्हणजे पडदाही आंधळा आणि खाटेपाशीही कोणी नाही.

गेल्या आठवड्यात पाच नंबरच्या आजोबांचे ठोके चुकले, तेव्हा पडदा काळाठिक्कर होता. शेजारी नर्स बसली होती, म्हणून आजोबा आहेत.

०:४०

सिस्टरांनी सवयीने पडद्याचाही तक्ता ठेवला होता, तापाच्या पेशंटचा ठेवतात तसा. पेटला केव्हा, विझला केव्हा. चार नोंदी, चारही वेळा चार मिनिटं वीस सेकंद.

"नेमकं चार-वीस?" तक्ता पाहून ताई खुर्चीतून उठल्याच होत्या. "सिस्टर, शंकेने होणारा कोप असा घड्याळ लावून होत नाही. समोरून उत्तर आलं नाही तर राउटर एवढाच वेळ वाट पाहतो."

दोघींनी साहेबांना तक्ता दाखवला होता. साहेब म्हणाले, "पाहिलंत? हीच ती शंका!"

१:०५

"निघतो," बाबा म्हणाले. "मागे कोणी प्रश्न विचारू नका. प्रश्नाने लहर तुटते."

सिस्टर दारात आडव्या आल्या. "बाबा, घाम फुटलाय तुम्हाला. बसा, नाडी बघते."

"आम्हाला काय धाड भरलीय, माई?"

"हार्टच्या दवाखान्यातून निघताना बाबा चक्कर येऊन पडले तर साहेबांची अब्रू जाईल हो."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "बसा बाबा, बसा!"

सिस्टरांनी मनगट धरलं. "शहात्तर. छान."

२:३०

"झालं का?"

"मोजतेय."

"नाडी एकच मिनिट मोजतात ना?"

"सामान्य माणसाची."

३:४५

"एकशे चार. कसली घाई झालीय, बाबा?"

"दुसरीकडे भक्त खोळंबलेत."

"त्यांची तार थोडी थांबेल."

४:१०

"एकशे बावीस."

सगळ्यांचे डोळे पडद्यावर. बाबांचे तेवढे सिस्टरांच्या घड्याळावर.

४:२०

काळोख. बाराच्या बारा रेषा गडप.

"आता कोणी घेतली शंका?" सिस्टरांनी मनगट न सोडता विचारलं. "आम्ही तर टाळ्या वाजवत होतो. तुमची नाडी मात्र आधीपासूनच पळत सुटली होती."

लिफ्टवाला फिस्सकन हसला. कोपऱ्यातल्या यंत्रांच्या कपाटाला बाबांनी पहिल्याच भेटीत 'मंतरून' कुलूप घातलं होतं. साहेबांनी कित्येक दिवसांनी डॉक्टरासारखा आवाज काढला:

"किल्ली. आणि पासवर्ड."

ताई दहा मिनिटं कपाटात डोकं घालून बसल्या. मग म्हणाल्या, "हे बघा. नव्या इमारतीचा राउटर ठोके पाठवतो. आपल्या इमारतीचा राउटर ते पुढे सोडतो, पण इथे कोणी बघत असेल तरच. म्हणून तो दर दोन मिनिटांनी विचारतो, 'कोणी बघतंय का?' पडदा म्हणतो, 'हो.' की चालू. इथे मधल्या स्विचमध्ये, म्हणजे तारा जोडणाऱ्या या पेटीत, एक ओळ घातलीय: हा प्रश्न आला की फेकून द्या. पडद्याला प्रश्नच ऐकू येत नाही, मग तो उत्तर काय देणार, कपाळ? चार मिनिटं वीस सेकंद वाट पाहून राउटर दार लावून घेतो. केबल काढून घातली, की पडदा आपणहून ओरडतो, 'मी आलो!' आणि पुन्हा चार-वीस."

"ओळ कोणी घातली?" साहेबांनी विचारलं.

"तारीख बाबांच्या पहिल्या भेटीची. पासवर्ड त्यांचाच. त्या दिवशी खरा बिघाड होता, तो त्यांनी नीट केला. पण पडदा पेटवण्याआधीच ही ओळ घालून ठेवली."

ओळ पुसली. पडदा पेटला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाबा मागे वळून न पाहता गेले. मागे प्रश्न नकोत, हे आपलं म्हणणं तेवढं त्यांनी पाळलं. साहेबांनी हुकूम चार तुकडे करून टोपलीत टाकला. तरी सिस्टर म्हणाल्या, "पडदा दोन दिवस सलग टिकू दे. तोवर नर्स खाटांजवळच बसतील." शंका ती शंकाच; पडदा चालू झाला म्हणून तिला सुट्टी नसते.

चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी घड्याळ बघा. किती वेळ टिकतो, केव्हा विझतो, तेव्हा चमत्कारवाला कुठे असतो, लिहून ठेवा. आणि कोणी म्हणालं प्रश्न विचारू नका, तर पहिला प्रश्न त्यालाच विचारा.

संध्याकाळी सिस्टर नव्या इमारतीत गेल्या. पाच नंबरचे आजोबा पुटपुटले, "कोणी बघतंय का माझ्याकडे?"

"हो, आजोबा," सिस्टर म्हणाल्या. दोन मिनिटांनी आजोबांनी पुन्हा विचारलं. सिस्टर पुन्हा म्हणाल्या, "हो."