आजाऱ्याचा बाक

टेपवाडीच्या माणसांनी रस्ता बांधला तो साळूबाईच्या शब्दावर, आणि साळूबाईनं शब्द दिला तो भावाच्या भरवशावर.

तिचा धाकटा भाऊ हैबती मुंबईला मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात होता. शिमग्याला आला तो परत गेलाच नाही. महाडचा एक शेट पोलादपूरपर्यंत सर्व्हिस मोटार चालू करतोय, असं त्यानं सांगितलं. पण वाटेतल्या ओढ्याजवळचा रस्ता पार खचला होता. भरली मोटार तिथं कलंडायची भीती होती. सरकारी दुरुस्तीला पैसा कधी मंजूर होईल, कुणाला ठाऊक नव्हतं. टेपवाडीनं मेहनत दिली, तर शेट मोटारीतला पुढचा बाक डोंगरावरच्या आजाऱ्यांसाठी आणि अडलेल्या बायांसाठी कायम राखून ठेवणार, असंही तो म्हणाला.

वाडीला मोटारीचं अप्रूप नव्हतं. दूध-तूप घेऊन माणसं पायीच बाजार करत. पण डोलीतून महाडच्या दवाखान्यात नेताना वाटेतच गेलेलं माणूस जवळपास प्रत्येक घरात होतं. साळूबाईचा नवराही तसाच गेला होता. तरी कुणी चटकन तयार होईना. तिचा पुतण्या नाथू तोंडाचा फटकळ. शेटासाठी फुकट राबायचं कशाला, असं त्यानं सगळ्यांदेखत विचारलं.

साळूबाई म्हणाली, "माझा भाऊस हाय तो. माझ्याशी खोटं नाय बोलायचा."

मग वाडी उतरली. गड्यांनी दगड फोडून ओढ्याच्या कडेला भिंत रचली, बायांनी पाट्यांनी मुरूम वाहिला. साळूबाईचा अंगठा दगडाखाली चेचला. ती फडकं गुंडाळून पुन्हा कामाला लागली. हैबती वर उभा राहून काम दाखवायचा आणि माणसं त्याचं ऐकायची, याचा तिला कोण अभिमान. पहिली मोटार तिथून गेली तेव्हा भिंतीतला एकही दगड हलला नाही.

वैशाख सरता सरता नाथूची बायको मैना अडली. सुईणीनं हात टेकले. डोली पोलादपूरच्या बाजारात उतरली तेव्हा मोटार सुटायच्या बेतात होती. पुढच्या बाकावर महाडच्या कोर्टात निघालेली मंडळी ऐसपैस बसली होती. हैबती खाकी कोट घालून तिकिटं फाडत होता. डोली पाहून त्यानं मान खाली घातली.

"बाय, हे मालकाचे पाव्हणे हायत," तो हळूच म्हणाला. "सांजच्या खेपेला बघतो."

"सांजपर्यंत राहील का रे ती?"

शेट ड्रायव्हरपाशीच उभा होता. साळूबाईनं जाऊन त्याला सगळं सांगितलं, भिंत, मुरूम, ठरलेला बाक. शेटनं नीट ऐकून घेतलं, आवाजही चढवला नाही.

"कसला बाक, बाई? तुम्ही लोक हौसेनं रस्ता करून देताय, असं हैबती म्हणाला होता. एवढी माणसं आणली म्हणून तर त्याला नोकरीवर ठेवला."

शेट खोटं बोलतोय, असं हैबती म्हणेल म्हणून साळूबाई थांबली. त्यानं तिकिटांच्या पुस्तकात डोकं घातलं.

"तू इचारलंस तरी व्हतंस का रे त्यास्नी?"

"नोकरी पक्की झाली की इचारणार व्हतो," हैबती म्हणाला.

नाथूनं डोली उचलायला सांगितलं. ती माणसं महाडच्या वाटेला लागली. ओढ्याजवळ मागून मोटारीचा आवाज आला. वाट देण्यासाठी त्यांना डोलीसकट कडेला सरकावं लागलं, आणि त्यांनीच बांधलेल्या भिंतीवरून भरलेली मोटार जराही न डगमगता पुढं गेली. साळूबाईला मोटारीच्या मागच्या बाजूला हैबती दिसला. तो दुसरीकडं बघत होता.

दवाखान्यात मैना वाचली. मूल गेलं.

नाथूनं साळूबाईला शब्दानंही दोष दिला नाही. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर तिला सोसलं असतं. तो नुसता तिच्या दारावरून जायचा बंद झाला.

पावसानं ओढ्याची भिंत एका अंगानं ढासळली. आश्विनात हैबती वाडीवर आला, बहिणीला लुगडं घेऊन. मोटार ओढ्यापाशीच अडत होती, उतारूंना सामान घेऊन पायी पलीकडं जावं लागत होतं. शेट मेटाकुटीला आला होता.

"या टायमाला खरंच कबूल केलंय मालकानं," तो म्हणाला. "माझ्यादेखत बोललाय. आईची आण, बाय. तू नुसता शब्द टाक."

साळूबाईनं त्याला भाकरी वाढली. कदाचित खरं असेलही, असं तिला वाटलं, आणि त्यानंच तिला जास्त त्रास झाला.

"असंल खरं," ती म्हणाली. "पन तुझ्या तोंडून आलेलं मला आता वळखाया येत नाय. लुगडं घिऊन जा."

हैबती स्वतःच घरोघर फिरला. नाथूच्या दारात मैना बसली होती. तिथून तो तसाच मागं वळला. कुणीही उतरलं नाही.

पुढं शेटनं मजूर लावून भिंत नीट केली. बाक काही राखला नाही. वाडीत कुणी साळूबाईला टाकून बोललं नाही, पण चार माणसं कशासाठी जमली तर तिचं मत विचारायचं मात्र सगळ्यांनी सोडलं. बाजाराला ती जायची ती रानातल्या पायवाटेनं. लांब पडायची ती वाट, पण तिथं मोटार दिसत नसे.