पीठ मळणाऱ्या शब्दाची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना शब्द हाय, मूळचा इंग्लंडचा. मला लेडी म्हंत्यात. हजारेक वरसांमागं माझं नाव असलं आडमुठं होतं, की म्हणताना तुमची जीभ अडकंल. ‘ह्लाफ’ म्हंजी पाव, आन् त्याचं पीठ मळणाऱ्या बाईचं नाव ते मी. पुढं घरधनिणीला लागलो, मग राजवाड्यात गेलो. अंगाचं पीठ झटकलं आन् विसरूनबी गेलो.

रेल्वेसंगं दौंडात उतरलो. डब्यावर, एस.टी.च्या सीटवर मला रंगवलं. लई भाव होता. तिथनं केंदूरच्या मल्हारीच्या तोंडात शिरलो. गडी खोड्याळ, वय पंचेचाळीस, अक्कल दहाची.

त्याची शेजारीण धुरपदावहिनी मोतीबिंदू काढून आली. काळा चष्मा काढायचा न्हाई, धुरात बसायचं न्हाई, असं डॉक्टरनं बजावलेलं. मल्हारी पारावरनं म्हणाला, “सरका रं, लेडी आली. वहिनी, इमान किती वाजता हाय?”

सगळी हसली. मग पोरंबी मागं लागली, लेडी, लेडी. मलाबी तवा गुदगुल्या झाल्या.

वहिनीनं चष्मा पेटीत टाकला.

जत्रंला आमच्यात आमटी देवळापाशी शिजती, आन् भाकरी घराघरातनं येत्यात. वहिनी मागं कशी राहील? चुलीपुढं बसली. धुरानं डोळा लालभडक झाला, पाणी थांबंना. मल्हारी भाकरीची पाटी न्यायला आला, तो दारातच थिजला.

“वहिनी, चष्मा कुठंय?”

“लेडीचा व्हय, भाऊजी? पेटीत हाय. तुमच्या बहिणीला शोभला तर न्या.”

मल्हारीनं पेटी उघडली, चष्मा तिच्या हातात दिला. तिला चुलीपासनं उठवलं आन् सवताच परातीपुढं मांडी घातली. थापलेल्या भाकरीचा पार नकाशा झाला. दारातनं कुणीतरी वरडलं, “मल्हारी लेडी झाला रं.”

“झालो,” तो म्हणाला. “हसून झालं आसंल तर जीप बघा. वहिनीला शिरूरला दवाखान्यात न्यायचंय.”

डोळा वाचला, पण त्यातनं वहिनीला आता माणसाचा नुसता आकार दिसतो, आन् दुसऱ्यात मोतीबिंदू हायच. मल्हारी रोज दारात हुभा राहून इचारतो, “वळखलं का, वहिनी?”

ती म्हणती, “आवाजावरनं.”

मित्रांनो, पीठ मळणारीचंच नाव मी, आन् तिच्याच अंगावर धोंड्यासारखा पडलो. मला कुणी फेकलं तर मागं फिरता येत न्हाई. म्हणून सांगतो, मला तोंडातनं काढायच्या आदी समोरच्या माणसाचं तोंड बघत जा.