पुतळाच्या घोट्यावरची पट्टी

मित्रांनो, क्षणभर एक कल्पना करा. तुम्ही चार बोटे रुंद आहात आणि गुंडाळून ठेवले तर मुठीत मावता. तुम्हाला हात नाहीत, तोंड नाही. ताणले की लांब व्हायचे आणि सोडले की आखडायचे, एवढेच तुम्हाला येते. आता असे समजा की तुम्हाला एका मुलीच्या घोट्यावर बांधले आहे. तो घोटा आतून काय म्हणतो ते फक्त तुम्हाला कळते, आणि ते कोणालाही सांगता येत नाही. जमले? मग माझी गोष्ट तुम्हाला समजेल. मी क्रेपची एक जुनी पट्टी आहे.

माझा जन्म गिरणीतला. पीळ दिलेल्या सुती धाग्यांनी मला विणले, म्हणून माझ्या अंगात ताण आला. रंग भाजलेल्या शेंगदाण्यासारखा. सोबतीला दोन दातेरी चिमटे मिळाले. १९८८ साली मी दौलताबादच्या एका शाळेत आले. जवळच्या ज्या शहराला आज तुम्ही छत्रपती संभाजीनगर म्हणता, त्याला तेव्हा औरंगाबाद म्हणत. शाळेत पत्र्याच्या एका पेटीत, कापूस आणि लाल औषधाच्या शेजारी मला ठेवले. पेटी होती खेळाच्या खोलीत, आखणीच्या चुन्याच्या गोणीजवळ. पहिले वर्षभर मला कोणी हात लावला नाही. मला वाईट वाटायचे. वाटायचे, कधी एकदा कोणाचा तरी पाय मुरगळतो! मित्रांनो, ही माझी इच्छा मी आजही विसरलेली नाही.

त्या शाळेत आठवीला पुतळा नावाची मुलगी होती. तिचे वडील मुंजाबा किल्ल्याच्या पायथ्याला मेंढरे राखत. पुतळा खो-खोत अशी पळायची की पाठलाग करणाऱ्या मुली नुसती हवा पकडायच्या. शिवाय ती पायाळू होती. म्हणजे जन्मताना तिचे डोके नव्हे, पाय आधी बाहेर आले होते. पायाळू माणसाने पाय लावला की पाठीत भरलेली उसण निघते, अशी गावाची समजूत. सकाळी कंबर धरून कोणी ना कोणी मुंजाबाच्या दारात उभे असायचेच. पुतळा दात घासता घासता उजवा पाय पाठीला लावायची आणि शाळेला पळायची.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला बारा दिवस उरले होते. सरावात खांबाला वळसा घालताना पुतळाचा तोच उजवा पाय आत दुमडला. ती खाली बसली. घोटा बघता बघता सुजला. पेटी उघडली आणि माझे पहिले काम सुरू झाले.

सुदैवाने सरकारी दवाखान्यातल्या परिचारिका आशाबाई तिथून जात होत्या. एका मुलीने गरम तेलाची वाटी आणली होती, ती त्यांनी बाजूला सारली. मुरगळलेला पाय पहिले दोन-तीन दिवस शेकायचा नाही, चोळायचा नाही, असे त्यांनी सगळ्यांना बजावले. किल्ल्यासमोरच्या गोळ्याच्या गाडीवरून बर्फ मागवला, फडक्यात गुंडाळून वीस मिनिटे धरला. मग मला हातात घेतले. बोटांच्या मुळाशी सुरुवात, तळव्याखालून वर, घोट्याला आठाच्या आकड्यासारखा वळसा. शेवटी पुतळाच्या अंगठ्याचे नख दाबून पाहिले. नख पांढरे होऊन लगेच गुलाबी झाले, म्हणजे मी फार आवळलेली नव्हते. पाय दप्तरावर उंच ठेवायला सांगून त्या म्हणाल्या, निदान तीन आठवडे खेळ बंद. सूज उतरली की पायाने हवेत अक्षरे काढायची, मग एका पायावर उभे राहायचे, मग हळूहळू चालणे, पळणे.

"आणि मैदानात कधी?" पुतळाने विचारले.

"त्याच पायावर दहा उड्या मार. एकही दुखली नाही, की जा. दुखली तर नाय. सोपं हाय."

खरेच सोपे होते. पण ते कोणालाच नको होते.

घरी मुंजाबाने पाय पाहिला आणि तो हसला. तो माया करणारा बाप होता. "ज्या पायानं साऱ्या गावाच्या उसणी काढल्या," तो म्हणाला, "त्याला काय व्हायचंय? आपोआप बसंल." उसणवाले येतच राहिले. पुतळाने डावा पाय पुढे केला तर ते नाराज व्हायचे. गुण उजव्याला, डाव्याला नाय. एक बाई म्हणाली, पट्टीतून गुण उतरत नसतो. म्हणून रोज सकाळी मला सोडत, तो सुजलेला पाय पुतळाला कोणाच्या तरी पाठीला लावायला सांगत, आणि मला पुन्हा गुंडाळत. साऱ्या गावाने त्या पायाकडून आपला आराम घेतला. त्या पायाला आराम द्यायचे कोणाच्या मनातही आले नाही.

अंतिम सामना हर्सूलला होता. खेळाचे शिक्षक बद्रीनाथ सर पुतळाला न्यायला स्वतः घरी आले. ते दुष्ट नव्हते. त्यांना कप हवा होता, एवढेच. मैदानाच्या कडेला पुतळाने आशाबाईंची परीक्षा देऊन पाहिली. एक, दोन, तीन. चौथ्या उडीला ती खांबाला धरून थांबली.

"सर, दुखायलंय."

"तू पायाळू हायेस," सर म्हणाले. "तीन झाल्या ना? राहिलेल्या सात मैदानात मार."

मुली हसल्या. पुतळाही हसली, कारण सगळे हसत होते. सरांनी मला इतके ताणून बांधले की माझे धागे कुरकुरले. अंगठ्याचे नख कोणी दाबून पाहिले नाही.

शेवटच्या डावात तिला वेळ संपेपर्यंत बाद न होता पळायचे होते. ती पळाली. मी सगळे बळ लावून घोटा धरून ठेवला. शेवटची शिट्टी होता होता तिने खांबाला वळसा घातला आणि माझ्या पोटाखाली काहीतरी तुटले. सांध्याची हाडे एकमेकांना बांधून ठेवणारा तो दोर होता. ते फक्त मला कळले. बाहेर टाळ्या वाजत होत्या. आम्ही जिंकलो होतो.

आणि मग माझे कौतुक झाले. सरांनी मला पुतळाच्या पायावरून सोडवले, हवेत उंच धरले आणि म्हणाले, हिने कप आणला. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात वाईट काम. कौतुक मात्र तेवढ्या एकाच कामाचे झाले. चांगली बांधली गेले होते, तेव्हा कोणी टाळी वाजवली नव्हती.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पुतळाच्या पायाला दीड महिना प्लास्टर होते. पाय बरा झाला, पण तो पूर्वीचा पाय राहिला नाही. मेंढरांमागे उतारावरून जाताना तो मध्येच दगा द्यायचा. कप शाळेच्या कपाटात, काचेमागे बसला. पुतळा मैदानाच्या कडेला, चुन्याच्या डब्याजवळ बसू लागली. उसणवालेही कमी झाले. लंगड्या पायात कसला गुण, म्हणाले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला धुवा, वाळवा, नाहीतर फेकून द्या. पण पाय दुखतो असे कोणी म्हणाले, तर त्यावर विनोद करू नका. पट्टी ही थांबण्यासाठी असते. तिला बांधून जो पळायला लावतो, तो तिला खोटे बोलायला लावतो.

पुढच्या वर्षी, सामन्याच्या आठवडाभर आधी, सरू नावाच्या सातवीतल्या मुलीचा घोटा मुरगळला. मुली पुतळाला म्हणाल्या, पाय लाव गं. पुतळाने आपला पाय मागे घेतला. तिने बर्फ आणला, सरूची टाच मांडीवर घेतली, मला आशाबाईंसारखे बांधले आणि नख दाबून पाहिले.

सामन्याच्या सकाळी सरू मला उतरवून उड्या मारत होती. सर लांबून मोजत होते, पुतळा जवळून. सहाव्या उडीला सरूने ओठ चावला. सरांच्या लक्षात आले, पण ते म्हणाले, चालेल, नीट आवळून बांधू. आणि त्यांनी पेटी उघडली. कापूस होता, लाल औषध होते. मी नव्हते.

"पट्टी कुठंय?"

पुतळाने परकर घोट्यापर्यंत उचलला.

"माझ्या पायाला हाय, सर. माझा अजून दुखतोय."

सर म्हणाले, सोड ती. सगळ्या मुली बघत होत्या. या वेळी कोणी हसले नाही. पुतळाने मला सोडले नाही. तिने पेटीचे झाकण लावले, खाली बसून आपला पाय त्या झाकणावर उंच ठेवला आणि सरूला शेजारी बसायला जागा करून दिली.