देवीमागचा भाजीवाला

दिल्लीतल्या मयूर विहारच्या आमच्या सोसायटीचा हॉल रविवारी सकाळी असा भरला, की चपला जिन्यापर्यंत गेल्या. एरवी मंडळाच्या बैठकीला बोलावलं की ज्यांना हमखास ट्रॅफिक लागतो, ती सगळी मराठी मंडळी वेळेच्या आधी हजर! कारण मागच्या रविवारसारखेच वाणीबाबा आले होते. त्यांच्या लाकडी पेटीतून साक्षात सरस्वती बोलणार होती आणि तीही मराठीत.

चमत्कार तो हाच. बाबांना मराठीचा म येत नाही. त्यांनी आधी सगळ्यांचे मोबाइल टोपलीत जमा करून घेतले. "न तार, न इंटरनेट! पूछो बच्चों, माँ से पूछो!" एका पोराने विचारलं, पाऊस कसा पडतो? बाबांनी डोळे मिटून तोच प्रश्न तीनदा घोळवला. मग तंबोऱ्याच्या सुरावर पेटीतून घनगंभीर आवाज आला, "समुद्राच्या पाण्याचं बाष्पीभवन होतं. म्हणजे काय होतं, तर..." आयांचे डोळे भरून आले. आपल्या दिल्लीकर पोरांना 'वाफ' शब्द सुचत नाही आणि देवी बघा कशी स्वच्छ बोलते!

मी कुमुद. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. बाबाबुवांशी माझं पटत नाही हे अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे. मी आले होते ती शेजारच्या रुचितासाठी. रुचिताला दिसत नाही. मोबाइल तिला पुस्तकं वाचून दाखवतो, त्यावर ती बारावीचा अभ्यास करते. महिन्यावर परीक्षा आली आणि तिच्या आईने, शालिनीने, तो मोबाइल कुलपात ठेवला. बाबांनी मागच्या रविवारी सांगितलं होतं, "जिस घर में मशीन बोले, वहाँ माँ नहीं बोलती." आता पोरीने आठवडाभर थांबायचं आणि रविवारी दक्षिणा ठेवून पेटीला एक प्रश्न विचारायचा! मी शालिनीशी भांडले, विनवण्या केल्या. काही उपयोग झाला नाही.

तेवढ्यात पेटीत देवी वाऱ्याबद्दल बोलू लागली आणि तिच्या मागून बारीक हाक आली, "आलू ले लो, मटर ले लो..."

मी दचकले. हा तर आमच्या गल्लीतला भाजीवाला!

रुचिताने माझा हात दाबला. "काकू, आवाज जाड केलाय, पण ह्या तुम्हीच आहात."

मीच होते. चार वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड केली होती, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. इंटरनेटवर ठेवली होती, कुणीही फुकट घ्यावीत, ऐकावीत, चूक सापडली तर कळवावी. मी उठून उभी राहिले आणि खणखणीत सांगितलं, "हा माझा आवाज आहे!"

बाबा क्षणभर गडबडले. पण कसलेला गडी तो! "धन्य हो माताजी! माँ ने आपका कंठ चुना है!" झालं. दोन बायका चक्क माझ्या पाया पडल्या. "ताई, केवढं भाग्य तुमचं!" असं म्हणत, जाकिटाच्या खिशातला हात काढून, सगळ्यात आधी हात जोडले ते जयदीपने. मंडळाचा सचिव, आयटीतला मोठा साहेब. दर भाऊबीजेला मी त्याला ओवाळते. "ताई, इंटरनेट नाही अशा गावच्या शाळांना पाठवतो," म्हणून सगळी रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर नेली होती ती त्यानेच. नको, जयदीप नको, असं मी मनात म्हणत होते.

खात्री करायची तर एकच वाट होती. मी हात जोडले. "देवी, पृथ्वी स्वतःभोवती कुठून कुठे फिरते?"

बाबांनी प्रश्न घोळवला. पेटी म्हणाली, "पृथ्वी पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरते."

"चूक!" रुचिता ओरडली. "पश्चिमेकडून पूर्वेकडे!"

"अगदी बरोबर," मी म्हटलं. "नाहीतर उद्यापासून सूर्य पूर्वेच्या नोएडाऐवजी पश्चिमेच्या द्वारकेकडून उगवेल. वाचताना जीभ घसरली होती माझी. मुनिरक्यात राहणाऱ्या सृष्टी नावाच्या विद्यार्थिनीने कळवलं, मी धडा पुन्हा रेकॉर्ड केला. त्याआधीची जुनी प्रत पेनड्राइव्हवर नेली होती ती एकानेच. जयदीप, दोन्ही हात वर कर."

"काय ताई, चेष्टा..."

"वर कर! आणि कुणीतरी विचारा रे देवीला काहीही."

चार पोरं एकदम ओरडली, पाऊस कसा पडतो? पेटी गप्प. बाबा घोळवतायत, पेटी गप्प. मी जयदीपच्या जाकिटाच्या खिशात हात घातला. टोपलीत न गेलेला एकुलता एक मोबाइल तिथे होता. माझे धडे कापून, प्रश्नवार लावून ठेवलेले. एकावर बोट ठेवलं आणि देवी पावली. शेजारच्या सुधन्वाने पेटीचा तळ काढला, तर आत नेहरू प्लेसच्या फुटपाथवर मिळतो तसला बिनतारी स्पीकर!

बाबांना "ज़रूरी काम" आठवलं. जयदीप मात्र तिथेच उभा. हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही तर फुकटच दिलं होतंत. मग मी चोरलं काय?"

मला रडू फुटलं. "सगळ्यांना दिलं होतं रे! चुकलं तर मुनिरक्याची पोरगी माझा कान धरत होती. तू त्याची देवी केलीस. देवीला कोण चूक म्हणणार? ह्या पोरीचा मोबाइल कुलपात गेला, तू बघत बसलास. आणि माझे धडे एकदा नीट ऐकलेसुद्धा नाहीस!"

शालिनी मान खाली घालून घरी गेली आणि मोबाइल घेऊन आली. रुचिताने भिंतीशी बसून तो कानाला लावला.

लोकहो, स्वस्तातला मोबाइल आज घराघरात आहे, आणि पुस्तकं त्यात सगळ्यांना खुली झाली आहेत. ती कुणी पेटीत घालून पूजेला मांडली, तर आधी पेटी उघडायला सांगा. प्रश्न विचारा, उत्तर ताडून बघा. माझ्या आवाजापुढेही हात जोडू नका. चुकले असेन, तर मला फोन करून सांगा.