दार बंद, खार बंद

मुलांनो, मातीचा एक उंच बांध डोळ्यांपुढे आणा. त्यावर चढून उभे राहा. जपून, माती ओली आहे. एका हाताला रेवदंड्याची खाडी, दुसऱ्या हाताला भाताची खाचरं. बांधाच्या पोटात एक लाकडी दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. हे दार वरून टांगलेलं आणि खाली मोकळं असतं. भरती आली की खाडीचं पाणी त्याला बाहेरून दाबून बंद करतं. ओहोटी लागली की शेतातलं जास्तीचं पाणी त्याला आतून ढकलून खाडीत निघून जातं. ते उघडायला कुणी लागत नाही आणि लावायलाही कुणी लागत नाही. दिसलं? मग आता तिथेच थांबा. बांधावरून अंबू येते आहे.

अंबिका तिचं नाव, पण तिला अंबिका म्हणे फक्त शाळेचा हजेरीपट. तिचे वडील येसाजी यांचं खाचर बांधाला लागूनच होतं, गावात सगळ्यांत खोलगट. साल होतं एकोणीसशे एकोणतीस. लावणी नुकतीच संपली होती आणि रोप कुणाकडेच उरलं नव्हतं. लावलेलं भात गेलं असतं तर येसाजीच्या घरी वर्षभर भात शिजला नसता. हे अंबूला कुणी सांगायला नको होतं. तिची आई गोदूबाई कोंड्याची भाकरी थापताना जशी गप्प होई, त्यावरून तिला ते कळत असे.

उघाडीच्या फळ्या जुन्या झाल्या होत्या. भरतीला फटीतून थोडं खारं पाणी आत यायचं आणि बांधालगतची रोपं पिवळी पडायची. गावाची ही कुरकुर जुनीच होती. पण त्या साली तालुका लोकल बोर्डाची निवडणूक जवळ आली आणि कुरकुरीला आवाज फुटला.

तो आवाज निवडणुकीला उभ्या राहिलेल्या कोंडाजीचा. कोंडाजी बरीच वर्षं आगबोटीवर खलाशी होता. अमेरिकेच्या एका बंदरात बोट महिनाभर अडकली, तेव्हा त्याने तिथली निवडणूक पाहिली होती. देवळासमोर पिंपावर चढून तो ती गोष्ट रंगवून सांगे.

"येक व्हता चष्मेवाला. कागद काढून वाचायचा, आकडं सांगायचा. लोक जांभया द्यायचं. दुसरा आला, पेटीवर चढला, येकच वाक्य बोलला न् हॅट उडवली. समदं बंदर नाचाया लागलं! चष्मेवाला गेला घरी. आरं, खरी गोष्ट असल ती येका वाक्यात मावती. जी मावत न्हाय, ती बामणाची बनवाबनवी!"

उघाडी चिखलाने लिंपली की खारं पाणी थांबलं, एवढंच त्याचं म्हणणं. मग तो हात वर करी. "दार बंद!"

"खार बंद!" सगळं गाव ओरडे.

सगळ्यांत मोठा आवाज अंबूचा. कोंडूकाका तिला खांद्यावर घेऊन म्हणायचा, "ही माझी आगबोटीची शिट्टी!" अंबूला ते फार आवडायचं. ओरडून झालं की छाती कशी हलकी व्हायची.

त्याच्या विरुद्ध उभे होते नागावचे दिनानाथ भाऊ. नारळी-पोफळीच्या वाडीत वाढलेले, मुंबईला शिकलेले, बांध आणि पाट यांचं ज्ञान असलेले. तेही एकदा देवळासमोर बोलायला आले. भरती किती चढते, पाऊस किती पडतो, उघाडी चिखलाने लिंपली तर आतलं पाणी कसं तुंबेल, नुसत्या फळ्या बदलल्या तर काय होईल, सगळं त्यांनी सांगितलं. सांगतच राहिले. येसाजीला डुलकी लागली.

मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, लांबण नगं. दार बंद केलं तर खारं पाणी थांबल का न्हाय? व्हय का न्हाय तेवढं बोला!"

भाऊंनी मान डोलावली. "थांबेल," ते म्हणाले. "पण..."

"थांबल! भाऊच म्हनत्यात!" आणि असा हशा पिकला की देवळावरची कबुतरं उडाली.

भाऊंचा चेहरा लाल झाला. "तुम्हांला हे कळायचंच नाही," ते म्हणाले आणि छत्री उचलून निघून गेले. ते शब्द मात्र सगळ्यांना नीट कळले. दुसऱ्याच दिवशी ओहोटीला अर्धं गाव टोपल्या घेऊन बांधावर आलं आणि पेंढा व चिखल ठासून उघाडी लिंपून टाकली. अंबूनेही आपल्या इवल्या हातांनी चिखल थापला.

मग पावसाने झड धरली. खाचरात पाणी चढू लागलं. आधी रोपांचे गुडघे बुडाले, मग कंबर, मग नुसते शेंडे दिसू लागले. गाव हादरलं.

"दर्या आत आला!" बांधावर आणून ठेवलेल्या पिंपावर चढून कोंडाजी पावसात भिजत ओरडला. "म्या सांगतो, दार पुरतं बंद झालं न्हाय. अजून चिखल आणा!"

आता, खाडीकाठच्या या गावांची एक रीत आहे. तिथे पाणी नुसतं बघत नाहीत, चाखतात. बोट बुडवायचं आणि जिभेला लावायचं. लेकरू चालायला लागलं की पहिलं हेच शिकतं. तसं येसाजीने उघाडीजवळ बोट बुडवलं, चाखलं आणि थुंकला. "खारं हाय!"

झालं. आणखी कुणी चाखायची गरजच उरली नाही. लोक टोपल्या आणायला धावले.

अंबूही टोपली आणायला घराकडे पळाली. वाटेत खाचराच्या वरच्या कडेला, जिथे ओढ्याचं पाणी शेतात उतरतं, तिथे तिचा पाय घसरला आणि ती तोंडावर पडली. पाणी तोंडात गेलं. ती उठली, तोंड पुसलं आणि तशीच उभी राहिली.

पाणी गोड होतं.

तिने पुन्हा चाखलं. गोडच! ती परत बांधाकडे पळाली आणि उघाडीजवळ चाखलं. खारट. बा खोटं बोलला नव्हता. मग वरचं गोड कसं? तिने बांधावरून पलीकडे पाहिलं. ओहोटी होती. खाडी दूर सरकली होती, खाली नुसता चिखल चकाकत होता आणि त्यात खेकडे फिरत होते. दर्या तर तिकडे खाली होता. आणि पाणी इकडे वर. खालचा दर्या वर कसा चढला?

ती कोंडाजीकडे गेली.

"कोंडूकाका, वरल्या अंगाला पानी गोड हाय."

"आगं, पावसानं पातळ झालंय त्ये."

"पन दर्या तर खाली हाय."

कोंडाजीने पिंपावरून खाली पाहिलं. "शिट्टे, मला येक सांग. खाचरातलं पानी खारं का गोड?"

अंबूने तोंड उघडलं. खारं म्हणावं तर ते खोटं. गोड म्हणावं तर तेही खोटं.

"दोन्ही," ती म्हणाली.

लोक हसले. "दिनानाथभाऊची चेली दिसती!" कुणीतरी म्हणालं. अंबूचे कान तापले. हाच हशा तिने त्या दिवशी ऐकला होता आणि त्यात तिचाही आवाज होता.

बांधाच्या टोकाला दिनानाथ भाऊ छत्री धरून एकटेच उभे होते. अंबू त्यांच्याकडे गेली. "भाऊ, पानी खारं का गोड?"

"अगं, त्याचं असं आहे," भाऊ म्हणाले, "उघाडीजवळची माती मुळातच खारावलेली. तो खार पाण्यात उतरणार. शिवाय फटीतून आधी झिरपलेलं पाणी, वरून पाऊस, बाजूने ओढा..." ते बोलत राहिले. अंबूला पहिलं वाक्य कळलं, दुसरं अर्धं कळलं, पुढचं पावसात वाहून गेलं.

"मंग तुमी त्येंना सांगा ना!"

"मी एकदा सांगितलं," भाऊ म्हणाले आणि खाडीकडे बघू लागले. "माझं कोण ऐकतंय?"

अंबू त्यांच्याकडे बघतच राहिली. ज्याच्याजवळ सोपं उत्तर होतं तो चुकत होता का? कुणास ठाऊक. ज्याच्याजवळ अवघड उत्तर होतं तो गप्प होता. आणि शेंडे बुडत होते. तिला कोंडूकाका अजूनही आवडत होता. भाऊ अजूनही नीट कळत नव्हते. एवढंच पक्कं होतं की तिच्या जिभेने दोन चवी चाखल्या होत्या.

तिकडे येसाजी डोक्यावर चिखलाने भरलेली टोपली घेऊन बांधावर चढला. त्याच्या मागे माणसांची रांग. सगळ्यांच्या तोंडी तेच. दार बंद, खार बंद. पुढे उघाडीपर्यंत वाट एकाच माणसापुरती अरुंद होती.

अंबू घराकडे धावली. आईने चुलीमागे वाळवत ठेवलेल्या दोन करवंट्या उचलल्या. "कुठं गं?" गोदूबाईने विचारलं, पण उत्तर द्यायला अंबू थांबली नाही. एक करवंटी तिने वरच्या कडेला, ओढ्याजवळ भरली. दुसरी उघाडीजवळ. मग बांधावर चढून बापाच्या वाटेत बरोबर मधोमध उभी राहिली.

"सरक, अंबे," येसाजी म्हणाला. "वज्जं हाय डोईवर."

"शिट्टी वाजव की गं!" मागून कोंडाजी ओरडला. "दार बंद!"

अंबू ओरडली नाही आणि सरकलीही नाही. दोन्हीकडचं पाणी चाखायचं तर येसाजीला हात मोकळे करायला हवे होते, आणि हात मोकळे करायचे तर टोपली आधी खाली ठेवायला हवी होती. पावसाचे थेंब आत पडू नयेत म्हणून तिने दोन्ही करवंट्यांवर आपलं डोकं वाकवलं आणि दोन्ही हात बापापुढे केले.