थंडीतल्या पेट्रोलचा आकडा

चंद्रपूरहून घुग्घुसकडे जाणाऱ्या रस्त्यावर जाहिदचं गॅरेज होतं. जाहिद इंजिनं खोलायचा, आणि त्याची बहीण शगुफ्ता लॅपटॉप जोडून इंजिनाचा कॉम्प्युटर लावायची. कार कितीला रेस घेईल, उभी असताना किती फिरेल, थंडीत सेल्फ मारल्यावर किती जास्त पेट्रोल सुटेल, हे सगळे आकडे ती बसवायची. दोन हजार सहा साली त्या भागात हे काम करणारी बाई म्हणजे नवलच होतं. पण गाड्या सुधारून जायच्या, म्हणून लोक यायचे.

त्या वर्षीच्या पुरात पोंभुर्ण्याच्या गुणवंतरावांची कार पाण्यात बुडाली आणि तिचा मूळ कॉम्प्युटर जळाला. शगुफ्ताने नागपूरहून कॉम्प्युटरचा दुसरा डबा आणला, सगळे आकडे स्वतः भरले आणि सप्टेंबरात कार चालू करून दिली. डिसेंबरात तिला कळलं, गुणवंतरावांची बायको आशाबाई वारली. जानेवारीत गुणवंतरावांचा फोन आला.

"शगुफ्ताबाई, गाडी सकाळी चालू होत नाई. दुपारी एका सेल्फमध्ये लागते. काऊन असं करून राह्यली, मले समजत नाई."

कार गॅरेजवर आणून तीन रात्री उघड्यावर ठेवली. तिन्ही सकाळी ती पहिल्या सेल्फला लागली. शगुफ्ताने कार परत पाठवली, आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा तोच फोन. मग ती लॅपटॉप घेऊन पोंभुर्ण्याला गेली आणि गुणवंतरावांच्याच घरी, त्यांची मुलगी रीता हिच्या खोलीत मुक्कामाला राहिली.

सकाळी अंगणात धुकं इतकं होतं की विहीर दिसत नव्हती. इंजिनाचं तापमान नऊ अंश. गुणवंतरावांनी सेल्फ मारला. इंजिन फिरलं, फिरत राहिलं, पण पेटलं नाही. शगुफ्ताने स्क्रीनवरची रेघ मागे सरकवून पाहिली. इंजिनात सुटलेलं पेट्रोल शून्य. आणि रेसची रेघ तीनदा वर गेली होती, तीनदा खाली आली होती, मग वर जाऊन तिथेच थांबली होती. चौऱ्याण्णव टक्के.

"भाऊ, रेस कायले दाबली तुम्ही?"

"नाई दाबली. तूच म्हणाली ना, पाय लावू नका. दोनी पाय खाली होते."

ऊन वर आल्यावर तिने रेसची तार तपासली, सेन्सर काढून मोजला, नवा सेन्सर बसवला. सगळं ठीक होतं. कार एका सेल्फला लागली.

दुसऱ्या सकाळी ती स्वतः चालकाच्या जागी बसली. चप्पल बाहेर काढून तिने दोन्ही पाय सीटवर घेतले, मांडी घातली आणि किल्ली फिरवली.

पेडल खाली गेलं. वर आलं. पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा गेलं. मग पार तळाला टेकलं आणि तिथेच राहिलं. ते सरळ जात नव्हतं, डावीकडून झुकून जात होतं, जणू शेजारच्या सीटवरून कुणी पाय लांब करून दाबत होतं. शगुफ्ताने किल्ली सोडली. पेडल हळू वर आलं. तिने वाकून त्याला बोट लावलं. बाहेरचा पत्रा दवाने गारठला होता, आणि पेडलचं रबर ऊबदार होतं.

ती दार उघडून बाहेर आली आणि पडवीच्या खांबाला धरून बराच वेळ उभी राहिली. रीताने दोघांना चहा आणला.

"काय झालं व?" रीताने विचारलं.

तिने जे पाहिलं ते सांगितलं. गुणवंतराव ऐकत होते. मग ती म्हणाली, "भाऊ, या कॉम्प्युटरले एक नियम असते. इंजिन ओव्हर झालं, पेट्रोल भरून गेलं, तर सेल्फ मारताना रेस पूर्ण दाबायची. मंग तो पेट्रोल बंद करते, म्हणजे इंजिन सुकते. ऐंशी टक्क्यांच्या वर पाय गेला की पेट्रोल बंद. म्हणून लागत नाई."

गुणवंतरावांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे पाय दाबून ठेवला तर गाडी चालूच होणार नाई?"

"नाई."

ते अंगणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आशा भामरागडले नर्स होती, बारा वर्षं. जीप ती स्वतः चालवे. जुनी जीप, थंडीत तीनदा रेस मारायची अन् मंग दाबून धरायची, तवा लागे. त्या सकाळी तिच्या छातीत दुखलं. मी तिले बाजूच्या सीटवर बसवलं. ती म्हणत होती, तीनदा मारा, मंग दाबून धरा, सोडू नका. मी पहिल्याच सेल्फपासून दाबून धरलं. गाडी लागेना. शेवटी तिनं आपला पाय इकडं घातला. माह्या पायावर."

रीता भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"पाऊण तास दाबून धरलं," गुणवंतराव म्हणाले. "तवर सगळं आटोपलं."

शगुफ्ता म्हणाली, "भाऊ, तो ऐंशीचा आकडा मी टाकला होता. सांगायचं राहून गेलं मले."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागावतील असं तिला वाटलं. ते फक्त म्हणाले, "तो आकडा काढता येते का?"

"येते."

दुपारभर ती पडवीत बसून होती. तिने नियम काढून टाकला. पण तेवढ्याने भागत नव्हतं. रेस पूर्ण दाबलेली असली की हवा जास्त जाते, मग थंड इंजिनाला पेट्रोलही जास्त लागतं. नऊ अंशांच्या ओळीतले आकडे तिने एकेक करून वाढवले. अशा कामासाठी आकडे तिला कुणी शिकवले नव्हते, अंदाजानेच भरले.

तिसऱ्या सकाळी गुणवंतराव बंडी घालून, कानाला मफलर बांधून आले. आधी त्यांनी डावीकडचं दार उघडलं, थोडं थांबले, मग लावलं. मग आपल्या जागी बसले. शगुफ्ता आणि रीता पडवीत होत्या. लॅपटॉप मागच्या सीटवर चालू होता.

सेल्फ फिरला. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं आणि मग असं गर्जलं की आंब्यावरचे कावळे उडाले. रेस तळाला होती. गुणवंतरावांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि पाय पेडलपासून मागे घेतले होते. मग आवाज हळूहळू उतरला आणि इंजिन शांत फिरू लागलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. कार फाटकातून बाहेर निघाली आणि धुक्यात दिसेनाशी झाली.

दीड तासाने ते परतले. "दवाखान्याच्या दारापाशी नेलं," ते म्हणाले. "उतरलो, तिकडचं दार उघडलं. थोडं थांबलो. मंग लावलं अन् आलो." एवढंच बोलून ते आत गेले आणि संध्याकाळपर्यंत झोपले.

शगुफ्ताने लॅपटॉप उघडला. जाता-येताची नोंद साधी होती, एका म्हाताऱ्या माणसाने जपून चालवलेली कार. फक्त सहा बावन्नला कार जागेवर उभी होती, वेग शून्य, दोन मिनिटं. दवाखान्यापाशी गुणवंतराव गाडीतून उतरले होते तेव्हाची वेळ. तिथे रेसची रेघ एकदाच, अगदी थोडी, वर येऊन खाली गेली होती. चार टक्के.

तिने ते रीताला दाखवलं. रीता रेघेवरच्या त्या लहानशा टेकाडाकडे पाहत राहिली.

"बाबाले नोको सांगू," ती म्हणाली. मग विचारलं, "हे कागदावर काढून देशील मले?"

शगुफ्ताने चंद्रपूरला जाऊन छापून पाठवलं. कार त्या थंडीत रोज पहिल्या सेल्फला लागली, पेडल पुन्हा कधी हललं नाही. तरी गुणवंतरावांनी जुना नियम परत टाकू दिला नाही. इंजिन ओव्हर झालं तर होऊ दे, म्हणाले, प्लग काढून पुसू.